वाट देण्याचा धर्म

रस्त्यावर समोरासमोर आलेल्या दोघांपैकी कोणी कोणाला वाट द्यावी, हा प्रश्न वाहतुकीच्या दिव्यांहून फार जुना आहे, आणि भारतीय धर्मविचाराने तो किरकोळ शिष्टाचारात न ढकलता आचारधर्माचा प्रश्न म्हणून हाताळला आहे. सायकलस्वाराने मोटारचालकाचेच सर्व नियम पाळावेत काय, हा आजचा वाद वरवर पाहता पोलीस खात्याच्या कक्षेतला वाटतो. परंतु सर्वांना एकच नियम लावणे म्हणजे न्याय काय, दुर्बळाला सवलत देणे म्हणजे पक्षपात काय, आणि जो नियम पाळण्याची सोयच केलेली नाही तो मोडल्याचा दोष कोणाचा, असे तीन प्रश्न त्याच्या पोटात दडलेले आहेत. नाशिकमध्ये हे प्रश्न रोज रस्त्यावर उभे राहतात. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पाळीला जाणारा कामगार, दूधवाला, वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा आणि शाळकरी मुली येथे गरजेपोटी सायकल चालवतात. दुसरीकडे पहाटे गंगापूर धरणाच्या किंवा त्र्यंबकच्या रस्त्याने निघणाऱ्या हौशी सायकलस्वारांचा मोठा वर्ग याच शहरात तयार झाला आहे. २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका खंड आडवा पार करणारी शर्यत दोघांच्या गटात पूर्ण करणारे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन नाशिकचे आहेत, आणि नाशिकहून पंढरपूरला जाणारी सायकल वारीही आता परिचित झाली आहे. सायकलस्वार म्हणजे एकजिनसी समूह नव्हे, ही गोष्ट पुढील विचारात सतत ध्यानात ठेवावी लागते.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वाट कोणाला द्यावी याची एक यादी आहे. चाकाच्या वाहनातून जाणारा, नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, अध्ययन पूर्ण केलेला स्नातक, राजा आणि लग्नाला निघालेला नवरदेव यांना इतरांनी वाट द्यावी, असे ती सांगते. याज्ञवल्क्यस्मृतीतही जवळजवळ हीच यादी येते. या यादीत दोन अगदी भिन्न तत्त्वे एकत्र बांधलेली आहेत. वृद्ध, रोगी आणि भारवाही यांना वाट मिळते ती त्यांच्या असमर्थतेमुळे, कारण बाजूला होण्याचे कष्ट त्यांना इतरांपेक्षा अधिक पडतात. राजा आणि स्नातक यांना मात्र ती त्यांच्या प्रतिष्ठेमुळे मिळते. आपस्तंब धर्मसूत्र तर कनिष्ठ वर्णाने श्रेष्ठ वर्णाला वाट द्यावी असेही सांगते. शास्त्रातील या भागाचे समर्थन कोणत्याही सबबीवर करता येणार नाही. सार्वजनिक जागेत कोणी अंग चोरून बाजूला व्हायचे, हे जन्मावरून ठरवण्याची किंमत काय असते हे नाशिकला वेगळे सांगण्याची गरज नाही, कारण २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह याच शहरात सुरू झाला. प्रतिष्ठेचे तत्त्व टाकून दिले तरी असमर्थतेचे तत्त्व शिल्लक राहते, आणि तेच प्रस्तुत विवेचनाला उपयोगी आहे.

आपस्तंबाने आणखी एक सूक्ष्म भेद केला आहे, ज्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. वाहन, भारवाही, रोगी आणि स्त्री यांना वाट देणे हे कर्तव्य म्हणून सांगितल्यावर तो म्हणतो की, असंस्कृत, पतित, मद्यधुंद आणि वेडा माणूस समोर आला तर त्यालाही सर्वांनी वाट द्यावी, मात्र ती स्वतःच्या कुशलतेसाठी. म्हणजे वाट देण्याचे दोन हेतू आहेत. एकात समोरच्याचा अधिकार मान्य केलेला असतो, तर दुसऱ्यात फक्त स्वतःचा जीव वाचवलेला असतो. द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्यावर मालमोटार अंगावर आली म्हणून सायकलस्वार जेव्हा रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरतो, तेव्हा तो या दुसऱ्या प्रकारची वाट देत असतो. आजच्या रस्त्यावर या भीतीलाच नियमपालन समजले जाते, आणि सायकलस्वाराने नेहमी बाजूला व्हावे ही अपेक्षा जणू नैसर्गिक असल्यासारखी बोलली जाते. जन्मजात प्रतिष्ठा कायद्याने संपवली, परंतु इंजिनाची प्रतिष्ठा तिच्या जागी आली आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

महाभारताच्या आदिपर्वात या प्रश्नाची शोकान्त बाजू येते. अरुंद वाटेवर राजा कल्माषपाद आणि वसिष्ठपुत्र शक्ती समोरासमोर येतात, दोघेही आपलाच अधिकार मोठा मानून हटत नाहीत, राजा ऋषीवर चाबूक उगारतो, ऋषी शाप देतो, आणि राक्षस झालेला राजा प्रथम त्या शक्तीलाच खातो. येथे कोणाचा नियम बरोबर होता यावर पाने खर्च करता येतील. परंतु दोघांनाही नियम ठाऊक होता आणि त्या नियमाचा उपयोग दोघांनीही स्वतःला थांबवण्यासाठी न करता दुसऱ्याला हटवण्यासाठी केला, हे या कथेचे मर्म आहे. पाली वाङ्मयातील राजोवाद जातकात हाच प्रसंग वेगळ्या रीतीने सुटतो. काशीचा ब्रह्मदत्त आणि कोसलाचा मल्लिक या दोन राजांचे रथ एका खोलगट वाटेवर समोरासमोर येतात. सारथी वय, राज्य, सैन्य, संपत्ती, कीर्ती आणि कुळ यांची तुलना करतात, पण सारे समसमान निघते. शेवटी शीलाची तुलना होते. एक राजा भल्याशी भला आणि वाईटाशी वाईट वागणारा, तर दुसरा क्रोधालाही अक्रोधाने जिंकणारा, असे कळल्यावर पहिला राजा खाली उतरतो, घोडे सोडवतो आणि रथ बाजूला घेतो. समान बळाच्या दोघांतला पेच संयमाने सुटतो, असे ही कथा दाखवते. असमान बळाच्या दोघांचे काय, हा प्रश्न मात्र तिच्या कक्षेबाहेर राहतो, आणि सायकल व मोटार यांचा पेच नेमका तोच आहे.

ही असमानता किती आहे हे मोजता येते. गतिमान वस्तूची आघातशक्ती तिच्या वस्तुमानाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा भौतिकशास्त्राचा साधा नियम आहे. सायकलसह ९० किलो वजनाचा माणूस ताशी १५ किलोमीटर वेगाने जात असेल आणि १,२०० किलोची मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने येत असेल, तर मोटारीची आघातशक्ती सायकलीच्या सुमारे दीडशे पट भरते. भारतीय कायद्याने हा फरक ओळखला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील मोटार वाहनाच्या व्याख्येत यांत्रिक शक्तीवर चालणारी वाहने येतात. पायांनी चालवलेली सायकल तीत बसत नाही, म्हणून तिला नोंदणी लागत नाही, विमा लागत नाही आणि ती चालवणाऱ्याला परवाना लागत नाही. याचा अर्थ सायकलस्वार कायद्याबाहेर आहे असा नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये वाहन या संज्ञेत सायकलीचा स्पष्ट समावेश आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक मार्गावर बेदरकारपणे कोणतेही वाहन हाकणाऱ्याला लागू होते. एकेकाळी महाराष्ट्रातील अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि त्याचा बिल्ला देत; रात्री दिवा नसलेल्या किंवा डबल सीट जाणाऱ्या सायकलस्वाराला पोलीस अडवत. सायकल ही नियमांच्या राज्यातली जुनी प्रजा आहे.

संविधानाच्या अनुच्छेद १४ ने कायद्यापुढील समानतेची हमी दिली, परंतु समानता म्हणजे सर्वांना एकाच मापाने मोजणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने आरंभापासून मानले आहे. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध अन्वर अली सरकार या १९५२ च्या खटल्यात वर्गीकरणाच्या दोन कसोट्या मांडल्या गेल्या: वेगळे काढलेल्या वर्गात आणि इतरांत समजण्याजोगा भेद असला पाहिजे, आणि त्या भेदाचा कायद्याच्या उद्दिष्टाशी तर्कसंगत संबंध असला पाहिजे. या कसोट्या वाहतुकीच्या नियमांना लावल्या की सर्व नियम एका जातीचे नाहीत हे लगेच दिसते. काही नियम दुसऱ्याला उत्पन्न होणाऱ्या धोक्याची भरपाई म्हणून लादलेले असतात. परवाना, विमा, वेगमर्यादा हे असे आहेत, आणि जेथे धोका दीडशेपटीने कमी तेथे ओझेही कमी असणे हा न्यायच आहे. काही नियम चालकाच्या स्वतःच्या रक्षणाचे असतात. नाशिक शहर पोलिसांनी १५ ऑगस्ट २०२१ पासून हेल्मेटशिवाय पेट्रोल नाही अशी मोहीम चालवली, ती या प्रकारातली, आणि सायकलस्वाराला पेट्रोल भरायचेच नसल्यामुळे ती त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच आला नाही. तिसऱ्या प्रकारचे नियम मात्र परस्परांना दिलेल्या वचनासारखे असतात. डावीकडून चालावे, लाल दिव्याला थांबावे, वळण्याआधी हात दाखवावा, अंधारात दिवा लावावा, या नियमांमुळे अनोळखी माणसाला दुसऱ्या अनोळखी माणसाच्या पुढच्या हालचालीचा अंदाज येतो. वचनाचे बंधन वचन देणाऱ्याच्या वजनावर अवलंबून नसते. म्हणून पहिल्या प्रकारच्या नियमांतून सायकलस्वार सुटतो, तर तिसऱ्या प्रकारच्या नियमांनी तो मोटारचालकाइतकाच बांधला जातो.

या निष्कर्षाला जैन आचारशास्त्रातून सर्वांत भक्कम आधार मिळतो. नाशिकजवळ म्हसरूळला गजपंथ हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. जैन मुनी वाहन वापरत नाहीत, पायीच विहार करतात. म्हणजे रस्त्यावरच्या सर्वांत हलक्या, सर्वांत निरुपद्रवी प्रवाशांत त्यांची गणना व्हावी. तरीही त्यांच्या पाच समितींपैकी, म्हणजे दैनंदिन सावधानतेच्या पाच शिस्तींपैकी, पहिली ईर्यासमिती ही चालण्याविषयीचीच आहे. समोरची सुमारे चार हात भूमी न्याहाळत, दिवसाच्या उजेडात, पायाखाली जीव येणार नाही अशा बेताने चालावे, असे ती सांगते. यामागचा विचार असा की, हलका असला तरी प्रत्येक चालणारा कोणासाठी तरी जड असतोच. मुंगीच्या दृष्टीने मुनीचे पाऊल पुरेसे प्राणघातक आहे. सायकलस्वार मालमोटारीपुढे दुर्बळ असला तरी पादचाऱ्यापुढे बलिष्ठ आहे, आणि रविवार कारंजा किंवा पंचवटीतल्या गर्दीच्या गल्ल्यांत घंटी न वाजवता अंगावर येणारी सायकल वृद्ध यात्रेकरूला पाडू शकते. दुर्बळतेच्या नावाखाली सवलत मागणाऱ्याला आपल्याहून दुर्बळ असलेल्याची आठवण करून देण्याचे काम ही समिती करते. सायकलप्रेमी मंडळींच्या युक्तिवादात ही बाजू क्वचितच येते, आणि ती यायला हवी.

लाल दिव्याचा प्रश्न थोडा वेगळा हाताळावा लागतो, कारण येथे परदेशातील उदाहरणे पुढे केली जातात. अमेरिकेच्या आयडाहो राज्याने १९८२ मध्ये सायकलस्वारांना थांब्याच्या पाटीपाशी पूर्ण न थांबता वेग कमी करून, वाट मोकळी असल्यास पुढे जाण्याची मुभा दिली. पुढे लाल दिव्यापाशी थांबून, पाहून पुढे जाण्याचीही मुभा दिली. फ्रान्सने विशिष्ट पाटी लावलेल्या चौकांत सायकलस्वारांना लाल दिवा असतानाही उजवीकडे वळण्याची परवानगी दिली. थांबलेली सायकल पुन्हा गतीत आणायला अंगमेहनत लागते, आणि वाहनांचा लोंढा सुटण्याआधी चौक ओलांडणे तिला अधिक सुरक्षित असते, हे त्यामागचे तर्क खोटे नाहीत. परंतु अपवाद हा नेहमी उत्सर्गाच्या, म्हणजे सर्वसामान्य नियमाच्या आश्रयाने जगतो. आयडाहोतील सवलत चालते ती बाकीचे सर्व जण थांबतात म्हणून. जेथे दुचाकीस्वारच पिवळ्या दिव्यापासून सुटण्याच्या तयारीत असतात आणि झेब्रा पट्ट्यावर उभे राहणे हीच रीत झाली आहे, तेथे सायकलला दिलेली मुभा उत्सर्गाचा उरलासुरला आधारही काढून घेईल. नाशिकच्या चौकांत सायकलस्वाराने लाल दिव्याला थांबावे, हे मत येथे निःशंकपणे मांडावेसे वाटते. शासनाने त्याच्यासाठी थांबण्याची रेषा मोटारींच्या पुढे आखावी आणि हिरवा दिवा त्याला काही क्षण आधी द्यावा, ही मागणी त्याच्या जोडीने रास्त आहे.

उलट दिशेने जाण्याचा, बोलीत राँग साइडने जाण्याचा दोष याहून गंभीर आहे आणि त्याची मीमांसाही अधिक अवघड आहे. मुंबई-आग्रा महामार्ग नाशिक शहराला मधोमध चिरत जातो. त्याच्या एका अंगाला सिडको आणि अंबड, तर दुसऱ्या अंगाला इंदिरानगर आहे, आणि पलीकडे जाण्यासाठी ठरावीक बोगदे व चौकच उपलब्ध आहेत. मोटारीला दीड-दोन किलोमीटरचा वळसा म्हणजे दोन-तीन मिनिटे. दिवसपाळी करून थकलेल्या कामगाराला तोच वळसा पायांच्या बळावर, धुळीतून आणि अवजड वाहनांच्या सोबतीने घ्यायचा असतो. म्हणून तो सर्व्हिस रोडवरून उलट निघतो. येथे पूर्वमीमांसेतील अधिकारविचार उपयोगी पडतो. जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय कोणते विधिवाक्य कोणाला लागू होते याची चर्चा करतो, आणि विधीचा अधिकारी तोच, ज्याला ते कर्म करण्याचे सामर्थ्य आहे, असे तेथे मानले आहे. त्याच चर्चेत एक महत्त्वाचा भेद येतो. फलेच्छेने केलेले काम्य कर्म सर्व अंगांसह पूर्ण केले तरच फळते. परंतु नित्य कर्म, म्हणजे जे कोणत्याही फळाची अट न घालता करायचेच असते ते, अंगे जमली नाहीत म्हणून सोडता येत नाही, ते यथाशक्ती करावे लागते. वाहतुकीचा नियम हे नित्य कर्म मानले तर दोन गोष्टी निघतात. ज्याच्याकडे चांगला दिवा नाही त्याने निदान मागे परावर्तक पट्टी लावावी, ज्याला वळसा शक्य नाही त्याने सायकलवरून उतरून ती हाताने ढकलत कडेने न्यावी, कारण उतरलेला सायकलस्वार पादचारी होतो; अशा रीतीने प्रधान कर्म, म्हणजे इतरांना न फसवणारी हालचाल, शाबूत राहते. दुसरी गोष्ट अशी की, सामर्थ्य हिरावून घेणाऱ्या रचनेचा दोष रचना करणाऱ्याकडे जातो. ज्या रस्त्याचा आराखडा करताना सायकल ही कल्पनाच केली गेली नाही, त्या रस्त्यावर सायकलस्वाराकडून संपूर्ण आज्ञापालनाची मागणी करणाऱ्याचा नैतिक अधिकार निम्म्याने तरी उणा होतो.

राज्यकर्त्याचे हे कर्तव्य नाशिकच्याच दगडावर कोरलेले आहे. महामार्गालगतच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील लेख आहे. दमण, पारदा, तापी आदी नद्यांवर लोकांना विनामूल्य पार करणाऱ्या नावा ठेवल्याचे, भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे प्रवाशांसाठी निवारे बांधल्याचे पुण्य तो नोंदवतो. यातील गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचेच गोवर्धन होय. प्रवास करणाऱ्याला पैलतीरी सुखरूप पोहोचवणे हे त्या काळी दानधर्माच्या यादीत होते. पुढे अठराव्या शतकात सिंहस्थातील स्नानाच्या मानावरून शैव आणि वैष्णव साधूंत रक्तपात झाला, तेव्हा पेशव्यांच्या अधिकाराने रूढ झालेली व्यवस्थाही बोलकी आहे: शैवांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात आणि वैष्णवांनी नाशिकला रामकुंडात स्नान करावे. कोण श्रेष्ठ याचा निवाडा करण्याऐवजी दोघांना वेगळी जागा दिली गेली. सायकलींसाठी वेगळी पट्टी हे याच प्रकारचे उत्तर आहे. नाशिकमध्ये स्मार्ट सिटी योजनेतून त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ या सुमारे १.१ किलोमीटरच्या रस्त्यावर ती आखली गेली. सातपूर, अंबड, सिडको आणि नाशिकरोड यांना जोडणारे तसे अखंड जाळे झाले, तर नियमभंगाची निम्मी तक्रार आपोआप मिटेल.

अपघातानंतरच्या दायित्वाचा विचारही येथे टाळता येत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वाहनाने हानी झाली असता दंड कोणाला याची चर्चा आहे. वेसण तुटणे, जू मोडणे, आस किंवा चाक मोडणे अशा दहा प्रसंगी दंड नाही असे ती सांगते, आणि सारथी अकुशल असल्यामुळे हानी झाली तर दंड मालकाला करते. या दहा अपवादांत एक असा आहे की, सारथ्याने ‘बाजूला व्हा’ असे मोठ्याने ओरडून सांगितले असेल तर तो सुटतो. हा अपवाद आजही रस्त्यावर जिवंत आहे. हॉर्न वाजवला की जबाबदारी संपली अशी मोटारचालकांची समजूत त्याचीच वंशज आहे. आधुनिक कायदा नेमका येथे स्मृतीच्या पुढे जातो. नेदरलँड्समध्ये मोटारीने सायकलस्वाराला धडक दिली तर भरपाईचा भार प्रथम मोटारीच्या बाजूवर पडतो. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत जानेवारी २०२२ पासून ज्याची इजा करण्याची शक्ती अधिक त्याची जबाबदारी अधिक, अशी चढती उतरंड मांडली आहे, आणि तीत सायकलस्वाराची जबाबदारी पादचाऱ्यापुरती मोटारचालकासारखीच धरली आहे. भारताच्या मोटार वाहने (चालन) विनियम, २०१७ मध्येही पादचारी, सायकलस्वार, मुले आणि वृद्ध यांच्याविषयी चालकांनी विशेष काळजी घ्यावी असे म्हटले आहे. हे विनियम परवान्याच्या परीक्षेसाठी शिकवले न जाणे आणि चौकात अंमलात न येणे, ही खरी उणीव आहे.

सीमारेषेवरचा एक प्रकार मात्र वेगाने वाढतो आहे. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची मोटर असलेले आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारे विजेवरचे वाहन, ठरलेल्या अटी पूर्ण केल्यास, भारतात मोटार वाहन धरले जात नाही. त्यामुळे घरपोच माल देणारी मुले अशा सायकली व दुचाकी परवान्याशिवाय चालवू शकतात, आणि पदपथावरून चालणाऱ्या माणसाला मात्र त्यांचा आवाजही येत नाही. धोक्याच्या प्रमाणात ओझे हे तत्त्व मान्य केले, तर अशा वाहनाला परवाना नको, पण दिवा, घंटी आणि पदपथावर मज्जाव हे बंधन हवे. आणि यंत्रात फेरफार करून ज्याचा वेग या मर्यादेबाहेर नेला आहे, ते वाहन सायकलीसारखे दिसत असले तरी त्याला नोंदणीपासून विम्यापर्यंत मोटारीचे सर्व नियम लागू व्हावेत.